बाराव्या दिवसाची हजेरी

सीताराम धोंडीबा उंबरकर यांची गोष्ट तक्षशिला चाळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. वागळे इस्टेटच्या मागे डोंगराच्या अंगावर ही वस्ती चढलेली आहे, खालच्या रस्त्यापासून मोजून एकशे बारा पायऱ्या. दरवर्षी चौदा एप्रिलला तिथे मंडप पडायचा. पोरांचे नाच व्हायचे, पाहुण्यांची भाषणं व्हायची, आणि पाहुणे एकदाचे गाडीत बसले की कोणीतरी ओरडायचं, "आबांची हजेरी!" मग पांढरा सदरा घातलेले त्र्याऐंशी वर्षांचे आबा तुरुतुरु चालत स्टेजवर यायचे. त्यांना माईक लागत नसे. खालच्या इस्टेटीत चौतीस वर्षं टर्नर म्हणून लेथच्या आवाजावर आवाज काढून बोललेला माणूस तो.

गोष्ट महाडच्या पलीकडल्या उंबरकोंड गावची, एकोणीसशे सत्तावन्न सालची. वस्तीने धम्मदीक्षा घेतली होती, घरोघरचे देव नदीत गेले होते. चौदा वर्षांचा सीताराम सातवीत होता. शाळेच्या दप्तरी त्याला आडनाव नव्हतं, आडनावाच्या जागी जात होती. मास्तर हजेरी घ्यायचे, "सीताराम महार!" दीक्षेनंतरच्या पहिल्याच सोमवारी सीतारामने ओ दिली नाही. तो वर्गात ताठ बसून राहिला आणि मास्तरांनी गैरहजेरी मांडली. असे अकरा दिवस. छड्या झाल्या, उन्हात उभं करून झालं, बापाला बोलावून दम देऊन झाला. पोरगं समोर बसलेलं आणि वहीत गैरहजर! बाराव्या दिवशी हेडमास्तरांनीच हात टेकले. त्यांनी शाळेचं मोठं रजिस्टर काढलं, जून पन्नासमध्ये पहिलीत नाव घातलं तेव्हाची ओळ उघडली आणि दौत पुढे सरकवून म्हणाले, "एवढी खुमखुमी आहे ना? घे, तूच खोड." सीतारामने खोडलं. इतका दाब देऊन खोडलं की निबाने कागद फाटला आणि शाई खालच्या पानावर उतरली. वर बारीक अक्षरात त्याने लिहिलं, 'उंबरकर. बौद्ध.'

ही गोष्ट आबा सांगत नसत, करून दाखवत. मास्तरांचा नाकातला आवाज काढून ते जुनं नाव पुकारायचे, आणि अख्खा मंडप चिडीचूप व्हायचा. कडेवरची पोरंसुद्धा गप्प. पुन्हा पुकारायचे, पुन्हा शांतता. मग थोडं थांबून, छाती भरून, "बारावा दिवस! सीताराम धोंडीबा उंबरकर!" आणि चारशे माणसं एका दमात ओरडायची, "हजर!" खाली नाक्यावरचे रिक्षावाले मान वर करून बघायचे.

त्यांची लेक रंभा लहानपणापासून पहिल्या रांगेत बसून ओरडत आलेली. ती आता सत्तेचाळीस वर्षांची होती. तिचं लग्न याच वस्तीतल्या आनंदाशी झालं होतं आणि आई गेल्यापासून आबा तिच्याकडेच राहत होते. आबांचा मुलगा राजरत्न टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगीत राहायचा. तो न्यायला यायचा, पण आबा म्हणायचे, "तिथे मला कोण ओळखतं? लिफ्टवाला?" रंभा औषधांच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होती. पण वस्तीत तिची ओळख पाण्याची रंभा. वरच्या चाळींना एक दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी यायचं, तेही करंगळीएवढं. त्यासाठी तिने मोर्चे काढले, कळश्या घेऊन साहेबांच्या दारात बसली, दोनदा पोलिसांच्या गाडीत बसून आली. त्यामुळे या हिवाळ्यात महापालिकेची निवडणूक लागली आणि प्रभागातली एक जागा अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव निघाली, तेव्हा वस्तीने कोणाला विचारलंसुद्धा नाही. रंभाला उभं केलं. एकसष्ट मतांनी ती निवडून आली.

पाणी वर चढवायचं तर मधे एक पंप आणि नवी लाइन हवी होती. रंभाने पहिल्याच महिन्यात तो प्रस्ताव घातला, दुसऱ्या महिन्यात इंजिनीअरला ओढत एकशे बारा पायऱ्या चढवून आणलं. बिचारा वर पोहोचल्यावर पाणी मागत होता. "तेच तर सांगतेय, साहेब," रंभा म्हणाली.

सगळं छान चाललं होतं. पण राखीव जागेवर निवडून आलेल्याला जातीचा दाखला असून भागत नाही. तो दाखला खरा आहे असा पडताळणी समितीचा दुसरा दाखला लागतो, आणि तो निवडून आल्यापासून सहा महिन्यांत दिला नाही तर निवड आपोआप रद्द. पुन्हा बाईचं लग्न झालं असलं तरी कागद बापाकडचे. बापाच्या घराण्याची जात काय, हे एकोणीसशे पन्नासच्या ऑगस्टआधीच्या कागदावर दिसलं पाहिजे. बौद्ध असलात तरी चालेल, सवलत आहे. पण बौद्ध होण्याआधी कोण होतात ते दाखवा. रंभाचा निकाल लागला सोळा जानेवारीला. म्हणजे मुदत सोळा जुलै.

राजरत्न दोन दिवस रजा टाकून गावी जाऊन आला. गावची जन्ममृत्यूची जुनी वही वाळवीने केव्हाच फस्त केली होती. आबांचा बाप धोंडीबा अंगठाबहाद्दर, त्याच्या नावावर ना जमीन ना कागद. भाऊबंद नाहीत, धोंडीबाला सीताराम एकटाच. उरला एकच कागद, शाळेचं रजिस्टर. त्या ओळीची झेरॉक्स राजरत्नने बहिणीपुढे टेबलावर ठेवली. नाव वाचता येत होतं, जून पन्नासची तारीख वाचता येत होती, आणि जिथे जात असायला हवी तिथे काळं भोक होतं.

बापलेकींनी ती झेरॉक्स पाहिली. आबा चष्मा लावून बराच वेळ बघत होते. सत्तर वर्षांनी त्यांना आपली शाई दिसत होती. "निब नवीन होतं," ते हळूच म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि ते पाहून रंभाला हसू आलं, मग तिची नजर पुन्हा त्या काळ्या भोकावर गेली.

वकील सुमित तरुण होता, आणि वस्तीतलाच. तो म्हणाला, खाडाखोड असली तरी वाईट नाही, जुन्या दप्तरात असते, शाई सांडली, कोणाचा हात लागला, बघू. आपण होऊन काही बोलायचं नाही. रंभाने मान डोलावली. आणि इथेच ती चुकली. आबांना तिने काहीच सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? आबा, यंदा तुमची गोष्ट सांगू नका? त्या वर्षी ती पहिल्यांदाच नगरसेविका म्हणून पहिल्या रांगेत खुर्चीवर बसणार होती. खरं तर तिलाच ती हजेरी ऐकायची होती.

चौदा एप्रिलला आबा असे काही रंगले की विचारू नका. लेक निवडून आलेली, मंडप दुप्पट. कागद फाटल्याचं त्यांनी यंदा हाताने हवेत ओढून दाखवलं. "मी खोडलं! या हाताने खोडलं!" लोक उभे राहिले. एकसष्ट मतांनी हरलेली मालन, खालच्या चाळीतली, तीही आली होती. तिचंही बालपण याच मंडपातलं. 'हजर' म्हणायची वेळ आली तेव्हा सवयीने तीही ओरडली. आणि तिच्या शेजारी बसलेला तिचा भाचा मोबाइल समोर धरून सगळं टिपत होता.

तो व्हिडिओ मे महिन्याच्या सुरुवातीला समितीपुढे आला. सोबत मालनची तक्रार, की उमेदवाराच्या वडिलांनी शालेय दप्तरात हेतुपुरस्सर फेरफार केला असून ते तशी जाहीर कबुली देत आहेत, सबब दावा फेटाळावा.

रंभा तडक मालनच्या दारात गेली. "अगं मालन, तू पण ओरडलीस ना गं 'हजर'? लाज नाय वाटली?"

मालन भांडी घासत होती. ती उठली नाही. "ओरडले. आबांसाठी ओरडले. तक्रार तुझ्यासाठी केली. एकसष्ट मतं होती रंभा, तू असतीस तर सोडलं असतंस?"

रंभा तशीच मागे वळली आणि रागारागाने पायऱ्या चढली.

सुमितने उपाय काढला. आबांनी समितीपुढे शपथेवर सांगायचं की तो शब्द अमुक होता आणि तो आपण खोडला. जुन्या माणसाचा तोंडी जबाब, वर चौकशी अधिकाऱ्याचा गावचा अहवाल, एवढ्यावर निभेल. त्याने मसुदा टाइप करून आणला आणि आबांना वाचून दाखवला. आबा ऐकत होते. जातीचा शब्द आला, त्यांनी मान हलवली. "बरोबर. होतं ते होतं. खोडलं म्हणून ते नव्हतं असं मी कधीच म्हणालो नाही." सुमितला हायसं वाटलं. तो पुढे वाचू लागला, "सदर खाडाखोड मी अल्पवयात, अज्ञानापोटी केली असून..."

"थांब," आबा म्हणाले. "काय पोटी?"

"अज्ञानापोटी. म्हणजे आबा, नुसतं लिहायचं असतं. हेतुपुरस्सर म्हटलं तर फेरफार होतो. लहान होतो, कळत नव्हतं, असं म्हटलं की समिती सोडून देते."

"मला कळत होतं." आबांनी चष्मा काढला. "आयुष्यात मला जे कळलं त्यातलं ते पहिलं. बाकी सगळं नंतर कळलं."

"आबा, एका शब्दाचा प्रश्न आहे," रंभा म्हणाली.

"तेव्हाही एका शब्दाचाच होता."

झालं. त्या दिवसापासून घरात अबोला. म्हणजे जेवायला वाढणं, औषध देणं चालू, पण बोलणं नाही. रंभाला बाप माहीत होता. कारखान्यात कधी त्यांच्या हातून लेथवरचा जॉब दोन सूत जास्त कापला गेला तर इतर कामगारांसारखा तो भंगारात लपवायला ते गेले नाहीत, स्वतः सुपरवायझरच्या टेबलावर नेऊन ठेवायचे, "माझ्या हातून गेला." दोनदा त्यांचा पगार कापला गेला. असल्या माणसाला खोटं बोल म्हणून सांगायचं, ते काही साध्यासुध्या गोष्टीबद्दल नाही, जिच्यावर तो आयुष्यभर उभा राहिला तिच्याबद्दल. पण तिचंही काही चुकत नव्हतं. चारशे घरांनी तिला पाण्यासाठी पाठवलं होतं. राखीव जागा म्हणजे कोणी दिलेली भीक नव्हती, बाबासाहेबांनी भांडून मिळवलेला हक्क होता. ती हे बोलूनही दाखवायची, भिंतीकडे बघून, आबांना ऐकू जाईल असं. आणि आबा भिंतीलाच उत्तर द्यायचे, "हक्क घे की. मी कुठे नाही म्हणतो? मूर्ख होतो म्हणून सही कर, असं बाबासाहेब नाही म्हणाले."

राजरत्न रविवारी टिटवाळ्याहून आला, मुलगी प्रियांकाला घेऊन. प्रियांका बारावी झाली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं आणि तिलाही हाच दाखला लागणार होता. राजरत्न चिडला. "आबा, टाका ना सही यार! कोण वाचणारे ते? फायलीत जाईल, धूळ खात पडेल."

"रजिस्टरपण धूळच खात पडलं होतं सत्तर वर्षं," आबा म्हणाले. "आलं की नाही वर?"

प्रियांका आजोबांच्या पायाशी बसून राहिली, आणि त्या बसण्याचा आबांना राजरत्नच्या बोलण्यापेक्षा जास्त त्रास झाला.

मे असाच गेला, जूनही सरत आला. समितीची एक तारीख झाली, आबा गेले नाहीत. दुसरी झाली. सुमित फोनवर रडकुंडीला यायचा. नगरसेविका झाली तरी रंभा पाणी भरायला खालीच जायची, कारण वरच्या नळाला पाणी नव्हतं आणि टँकर पायऱ्या चढत नाही. जूनच्या शेवटी एका दुपारी ती दोन्ही हातांत वीस-वीस लिटरचे कॅन घेऊन चढत होती. आबा वर कठड्यावर बसलेले. ऐंशीव्या पायरीवर ती थांबली, कॅन खाली ठेवले आणि बसली. पदराने तोंड पुसलं. मग कोणी बघत नाही असं समजून तिने उजवा गुडघा दोन्ही हातांनी दाबला आणि कळवळली. तिची आई याच पायऱ्यांवर, याच गुडघ्याने गेली होती. म्हणजे गेली तापाने, पण शेवटची चार वर्षं तिला खाली उतरता आलं नव्हतं.

रंभा वर आली तेव्हा आबा दारात उभे होते.

"आण तो कागद," ते म्हणाले.

दोन जुलैला तारीख मिळाली. आबांनी इस्त्रीचा सदरा घातला. कार्यालयाबाहेरच्या बाकावर तीन तास बसल्यावर शिपायाने दारातून नाव पुकारलं, "सीताराम धोंडीबा उंबरकर!" आबा उठले. "आलो," एवढंच म्हणाले.

अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांनी आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, जबाब सावकाश वाचला. 'अज्ञानापोटी' आलं तेव्हा त्यांनी वर बघितलं. "हे मान्य आहे?"

आबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. मग ते म्हणाले, "लेकीसाठी मान्य आहे."

"तसं नाही हो आजोबा. लेकीसाठी वगैरे मला लिहिता येत नाही. हे खरं आहे का, ते सांगा."

त्या क्षणी रंभा उठू शकली असती. 'राहू द्या मॅडम, नको मला ती खुर्ची', एवढं एक वाक्य तिच्या तोंडात आलं होतं. पण चारशे घरं, पंप, लाइन, गुडघा, सगळं आडवं आलं आणि ती टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. तिने बापाकडे बघितलं नाही.

"खरं आहे," आबा म्हणाले. आणि त्यांनी सही केली, वळणदार, पूर्ण नाव.

रिक्षात बसल्यावर रंभाने त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

आता एवढं झाल्यावर दाखला वेळेत मिळायला हवा होता, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण गावचा अहवाल यायला आठ दिवस लागले, एक सदस्य रजेवर होते, आणि दाखल्यावर तिसरी सही पडली वीस जुलैला. सोळा जुलै उलटून चार दिवस. सुमितने अर्ज केले, हात जोडले, पण कायद्यात मुदत म्हणजे मुदत. रंभाच्या हातात एका आठवड्यात दोन कागद पडले. एकात लिहिलं होतं की तिची जात खरी आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की ती आता नगरसेविका नाही. पंपाचा प्रस्ताव पोटनिवडणुकीनंतर बघू, असं इंजिनीअर फोनवर म्हणाला. पहिला कागद प्रियांकाच्या प्रवेशाला लागला, तेवढाच काय तो उपयोग.

आबांनी दोन्ही कागद वाचले. "मे महिन्यातच सही केली असती तर?" त्यांनी विचारलं.

"असतं मिळालं वेळेत," रंभा म्हणाली. तिला खोटं बोलता आलं असतं, पण त्या घरात आता आणखी एक खोटं मावलं नसतं.

"म्हणजे दोन्हीकडून मीच." त्यांनी कागदांच्या घड्या नीट घातल्या. "जॉब माझ्या हातून गेला."

त्यानंतर ते कठड्यावर बसायचे बंद झाले.

आषाढी पौर्णिमेला भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू होतो. त्या संध्याकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली गेली. वस्तीत रंभाबद्दल हळहळ होती, तिला कसं बोलतं करावं ते लोकांना कळत नव्हतं, म्हणून कोणीतरी जुन्या सवयीने म्हणालं, "आबांची हजेरी होऊ द्या!" टाळ्या पडल्या. मालनही मागे दाराशी उभी होती. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले नाहीत.

"ती गोष्ट आता मला सांगता यायची नाही," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की पुढच्यांनाच ऐकू गेला. "ते मी अज्ञानापोटी केलं होतं. माझी सही आहे तशी."

रंभा खिरीचं पातेलं धरून उभी होती. तिने ते खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि पुढे आली. 

"खोटं आहे ते," ती म्हणाली. "माझ्या बापाला चौदाव्या वर्षी जेवढं कळत होतं तेवढं मला सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं नाही. तो खोटं बोलला ते माझ्यासाठी. आणि मी समोर बसून कॅलेंडर बघत होते. आता ती खुर्ची गेली, बरं झालं. तिच्यावर बसून मला हे बोलता आलं नसतं." मागे मालनने पदर तोंडाशी नेला.

मग रंभाने गोष्ट सुरू केली. उंबरकोंड, सत्तावन्न साल, सातवीचा वर्ग. तिने जुनं नाव पुकारलं, नाकातल्या आवाजात, जसं आबा पुकारायचे. विहार चिडीचूप. पुन्हा पुकारलं. शांतता. दौत सांगितली, निब सांगितलं, फाटलेला कागद सांगितला. मग ती थांबली आणि छाती भरून म्हणाली, "बारावा दिवस. सीताराम धोंडीबा उंबरकर!"

सगळ्यांनी तोंडं उघडली, आणि कोणीच ओरडलं नाही. सगळे भिंतीकडे बघत होते. आबांची मान खाली होती. लहान पोरंसुद्धा थांबली. असा बराच वेळ गेला, इतका की रंभाला वाटलं, आता मास्तरांनी गैरहजेरी मांडली असती.

तिने पुन्हा पुकारलं, या वेळी हळू. "सीताराम धोंडीबा उंबरकर."

आबा भिंतीला हात देऊन उठले.

"हजर," ते म्हणाले.